पेन्सिल्व्हेनियातला स्पोर्ट्समन्स क्लब: सभासद होण्याआधी काय पाहावे

पूर्व पेन्सिल्व्हेनियात नव्याने घर घेतलेल्या एका मराठी कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरापासून काही मैलांवर एक जुना स्पोर्ट्समन्स क्लब आहे. तिथे नेमबाजी चालते, सभासद हंगामात शिकारीला जातात आणि क्लब वन्यजीव संवर्धनाचे कामही करतो, असे सांगितले जाते. तेरा वर्षांच्या मुलाला मित्रांबरोबर तिथल्या क्ले टार्गेट, म्हणजे शॉटगनने उडत्या चकत्या फोडणाऱ्या, संघात जायचे आहे. मुलगा इथेच जन्मलेला, म्हणजे अमेरिकन नागरिक आहे. वडील एच-१बी आणि आई एच-४ व्हिसावर आहे. मुलाला पाठवावे का, आपण सभासद होऊ शकतो का, आणि प्राणी मारणारी माणसे प्राण्यांचे रक्षण करतात हे कसे समजून घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे. अशाच एका क्लबात मी बरीच वर्षे रेंज सेफ्टी ऑफिसर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरचा सुरक्षा अधिकारी, म्हणून काम करतो आणि राज्याच्या हंटर-ट्रॅपर एज्युकेशन, म्हणजे शिकारीच्या परवान्याआधीच्या शिक्षणाच्या, वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतो. त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

सर्वांत आधी कायदा, कारण इथे चूक झाली तर ती सावरता येत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगता येत नाहीत. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे व्हिसा यात मोडतात. 'बाळगणे' याचा अर्थ केवळ मालकीची बंदूक घरात असणे एवढाच नाही; रेंजवर मित्राने दिलेली बंदूक हातात घेऊन दोन बार काढणे हेही त्यात धरले जाते आणि आपल्याकडच्या अनेकांना हे ठाऊक नसते. ऑफिसचे सहकारी उत्साहाने रेंजवर घेऊन जातात, भाड्याने बंदूक मिळते, कागदावर सही करून टाकली जाते, आणि ज्याच्या ग्रीन कार्डाची फाईल वर्षानुवर्षे रांगेत आहे त्या माणसाने एका दुपारच्या मौजेसाठी स्वतःवर गंभीर फौजदारी गुन्हा ओढवून घेतलेला असतो. या कायद्यात काही अपवाद आहेत आणि त्यांतला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. तो जवळ असेल तर ही बंदी लागू होत नाही. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी मुळातच नाही. मात्र ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल झाला आहे, एवढ्यावरून सूट मिळाली असे कोणीही गृहीत धरू नये.

पेन्सिल्व्हेनियात पहिल्यांदा शिकारीचा परवाना काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अकरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही तो करता येतो. वर्गात बंदूक कशी धरावी, कुंपण कसे ओलांडावे, प्राणी नेमका कसा ओळखावा, हंगाम आणि मर्यादा काय आहेत हे शिकवतात आणि शेवटी परीक्षा असते. राज्यातल्या रहिवासी प्रौढाचा साधा परवाना साधारण २१ डॉलरला पडतो. परवान्याचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. कारण १ जुलैच्या सकाळी नवा परवाना काढलेला नसेल तर तुमचा अपवादही त्या सकाळी संपलेला असतो. माझा आग्रह असा की वडिलांनी आधी इमिग्रेशन वकिलाचे लेखी मत घ्यावे, मग अभ्यासक्रम करावा, मग परवाना काढावा आणि तोपर्यंत क्लबात कोणी कितीही प्रेमाने बंदूक पुढे केली तरी हात मागे ठेवावा. कारण सांगितले की समंजस सभासद ते लगेच मान्य करतात, आणि जो मान्य करत नाही त्याच्यापासून दूर राहणेच बरे.

मुलाचे प्रकरण वेगळे आहे. तो नागरिक असल्यामुळे व्हिसाची बंदी त्याला लागू नाही, आणि प्रौढ प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शॉटगन किंवा रायफल चालवायला त्याच्या वयाची आडकाठी नाही. अडचण घराची आहे. आई-वडील दोघेही नॉन-इमिग्रंट असताना मुलाच्या नावाने आणलेली बंदूक त्याच घरात, आई-वडिलांच्या ताब्यातल्या कपाटात राहिली, तर ती कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न उभा राहतोच. म्हणून बंदूक क्लबाची किंवा प्रशिक्षकाची असावी, तिथेच कुलपात राहावी, आणि मुलाने रिकाम्या हाताने जावे व रिकाम्या हाताने परत यावे. उरलेली काडतुसेही बॅगेच्या कप्प्यात राहून घरी येता कामा नयेत; गाडीत बसण्यापूर्वी खिसे आणि बॅग रिकामी करण्याची सवय पहिल्याच दिवसापासून लावावी. बहुतेक चांगल्या ज्युनिअर संघांकडे स्वतःच्या बंदुका असतात. नसतील तर प्रशिक्षकाशी ही गोष्ट स्पष्टपणे बोलावी.

वडिलांना थांबून नुसते पाहत बसण्याची गरज नाही, हेही सांगतो. धनुष्य ही कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही, आणि हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल संघीय कायद्यानुसार 'फायरआर्म' ठरत नाही, कारण तिच्यात स्फोटक दारू नसते. बऱ्याच क्लबांत धनुर्विद्येची वेगळी रेंज असते आणि थंडीत आत बसून दहा मीटरवर एअर रायफलचा सराव चालतो. एच-१बीवरच्या माणसाला क्लबाशी जोडून घ्यायला हे दोन रस्ते आजही मोकळे आहेत. राज्य बदलले की नियम बदलतात, ही खबरदारी मात्र घ्या: डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलात की तिथल्या कायद्यात एअर गनही बंदूकच समजली जाते.

आता क्लबात नेमके काय चालते ते पाहू. शॉटगनने उडत्या चकत्या फोडण्याचे तीन प्रकार सर्वत्र दिसतात. ट्रॅपमध्ये समोरच्या बुटक्या घरातून चकती नेमबाजापासून दूर जाते, दिशा दर वेळी बदलते. पाच नेमबाज सोळा यार्ड मागे पाच जागांवर उभे राहतात, प्रत्येक जागेवरून पाच बार काढतात आणि पंचवीस बारांची एक फेरी होते. स्कीटमध्ये एक उंच आणि एक बुटके अशी दोन घरे असतात आणि चकत्या समोरून आडव्या जातात. स्पोर्टिंग क्लेजमध्ये जंगलातल्या वाटेने चालत जायचे आणि प्रत्येक थांब्यावर वेगळ्या कोनातून येणारी चकती फोडायची. चकती डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची भुकटी यांची, जेमतेम १०८ मिलिमीटर व्यासाची असते. याखेरीज .२२ रायफल आणि पिस्तुलांच्या रेंज असतात, आणि शरद ऋतूत बहुतेक क्लब 'साइट-इन'चे दिवस ठेवतात, म्हणजे हरणांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातल्या कोणीही येऊन आपल्या रायफलीचा नेम तपासून घ्यावा.

मुलाला संघात घालण्यापूर्वी एका शनिवारी सकाळी ट्रॅपच्या मैदानामागे उभे राहा आणि चकत्यांकडे न पाहता माणसांच्या हातांकडे पाहा. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना प्रत्येकाची बंदूक मध्ये मोडलेली, म्हणजे उघडी असते का? काडतूस फक्त आपली पाळी आली की आणि तेही एकच घातले जाते का? बोट चापावर कधी जाते, चकती मागताना की त्याच्या कितीतरी आधी? ज्या ज्युनिअरची बंदूक चालली नाही, नुसता 'टक्' असा आवाज आला, तो काय करतो? शिकवलेला मुलगा हलत नाही. नळी मैदानाच्या दिशेनेच ठेवून एक हात वर करतो आणि प्रशिक्षक जवळ येईपर्यंत तसाच थांबतो, कारण काडतूस उशिरानेही उडू शकते. न शिकवलेला मुलगा मागे वळून 'हे काय झालं?' असे विचारतो आणि त्याच्याबरोबर नळीही वळते. त्या क्षणी प्रशिक्षक काय करतो, यावर माझा क्लबाबद्दलचा निम्मा निर्णय होतो. जो प्रशिक्षक शांतपणे नळी खाली दाबून मुलाला त्या दिवसापुरते मागे बसवतो आणि क्लबाच्या अध्यक्षालाही त्याच नियमाने मागे बसवतो, त्याच्या हाती मूल द्यायला हरकत नाही. जिथे जुन्या सभासदांना सूट आणि नव्यांना नियम असा कारभार आहे, तिथे पाऊल टाकू नये.

स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले तेव्हापासून आपल्या घरांतून नेमबाजीची चौकशी वाढली आहे, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या मुलाने हे करून दाखवल्याचा आनंद मलाही आहे. पण स्थानिक क्लबातला अमेरिकन ट्रॅप हा त्या पदकाचा रस्ता नव्हे. तो ऑलिंपिकमधल्या ट्रॅपपेक्षाही निराळा खेळ आहे. मुलाला ऑलिंपिक पद्धतीची रायफल किंवा पुढे महाविद्यालयीन रायफल संघ डोळ्यांसमोर ठेवायचा असेल, तर एअर रायफल आणि .२२ यांचा ज्युनिअर कार्यक्रम कुठल्या क्लबात आहे याचा शोध घ्या. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या रायफल स्पर्धेत मुले-मुली एकत्र उतरतात, हे मुलींच्या पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. केवळ मैत्री, मोकळी हवा आणि एकाग्रता एवढे हवे असेल, तर ट्रॅप उत्तम.

प्रश्नाचा तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण ज्या देशातून आलो तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकार म्हणजे गुन्हा हेच मनावर ठसलेले आहे, आणि तिथल्या परिस्थितीत ते योग्यच आहे. इथली व्यवस्था वेगळ्या अनुभवातून घडली. एकोणिसाव्या शतकात पेन्सिल्व्हेनियाची हेमलॉकची जंगले तोडली गेली, बाजारात विकण्यासाठी प्राण्यांची बेसुमार हत्या झाली, राज्यातले एल्क हे मोठे हरीण संपले, हरणे जवळपास दिसेनाशी झाली, आणि ज्या पॅसेंजर पिजनच्या वसाहतींनी इथली जंगले भरून जात त्या जातीचा शेवटचा पक्षी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. हे सगळे डोळ्यांदेखत घडत असताना शिकाऱ्यांच्याच एका वर्गाने बाजारी शिकारीविरुद्ध कायदे मागितले. १८९५ मध्ये वन्यजीव आणि शिकार यांचा कारभार पाहणारे राज्याचे गेम कमिशन स्थापन झाले, १९०० मध्ये बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला लेसी कायद्याने लगाम घातला, बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडली गेली, आणि १९१३ पासून यलोस्टोनहून एल्क आणले गेले. वन्य प्राणी कोणाच्या खासगी मालकीचे नाहीत, ते लोकांचे आहेत आणि त्यांच्या मांसाची विक्री करता येत नाही, हा या व्यवस्थेचा पाया आहे.

पैसा कुठून येतो हे समजल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. पेन्सिल्व्हेनिया गेम कमिशन राज्याच्या सर्वसाधारण करांच्या तिजोरीवर चालत नाही. परवान्यांचे शुल्क, स्वतःच्या जमिनींवरचे लाकूड, तेल आणि वायू, आणि संघीय वाटा यांवर ते चालते. संघीय वाटा मुख्यतः १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून येतो: रायफल, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के कर उत्पादकाकडून घेतला जातो आणि राज्याचे क्षेत्रफळ व तिथल्या परवानाधारकांची संख्या पाहून तो राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी वाटला जातो. तो मिळवायचा तर राज्याने शिकारीच्या परवान्यांचा पैसा दुसरीकडे वळवता कामा नये, अशी अट आहे, आणि माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत दूरदृष्टीची ओळ आहे. पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला १९३४ पासून डक स्टँप, म्हणजे परवान्याबरोबरचे संघीय तिकीट, विकत घ्यावा लागतो. आज तो २५ डॉलरचा आहे आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा राखण्याकडे जातो. राज्यातल्या सुमारे पंधरा लाख एकर स्टेट गेम लँड्स, म्हणजे कमिशनच्या मालकीच्या जमिनी, अशा पैशातून उभ्या राहिल्या. त्यांची खरेदी १९२० पासून सुरू झाली, आणि तिथे आज दुर्बीण घेऊन फिरणारा, कधीही बंदूक न धरलेला पक्षिनिरीक्षकही मोकळेपणाने जातो. पक्षिनिरीक्षणाची आवड असलेल्या आपल्या अनेक मंडळींना मी सांगतो की पंचवीस डॉलरचा तो स्टँप शिकार न करताही विकत घेता येतो आणि घ्यावा.

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नाही. तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या ब्लू माउंटनच्या रांगेवर दर शरद ऋतूत हजारो शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातात. तिथे एके काळी माणसे बंदुका घेऊन बसत आणि केवळ मारण्यासाठी त्यांना मारत, आणि गेम कमिशनने १९२९ मध्ये गॉसहॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्याला पाच डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. जंगलाच्या जमिनीवर ओळीने मांडलेल्या मेलेल्या पक्ष्यांची रिचर्ड पाऊ यांनी काढलेली छायाचित्रे पाहून न्यू यॉर्कच्या रोझली एज अस्वस्थ झाल्या, १९३४ मध्ये त्यांनी तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला, पुढे विकत घेतला आणि मॉरिस ब्राउन यांना तिथे राखणदार नेमले. तेच आजचे हॉक माउंटन अभयारण्य. शिकाऱ्यांच्या संघटना नेहमी बरोबर होत्या असे नाही, आणि त्यांना बरोबर आणायला बाहेरच्या एका निर्भय बाईची गरज पडली. ज्या क्लबात ही गोष्ट नव्या सभासदांना सांगितली जाते, त्या क्लबाबद्दल मला आदर वाटतो.

आणि तरीही हरणांच्या बाबतीत शिकारीला आज पर्याय सापडलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. लांडगा आणि प्यूमा या राज्यातून केव्हाच गेले. १९०७ मध्ये माद्या मारायला बंदी झाली, हरणे झपाट्याने वाढली, आणि काही दशकांतच ती जंगलच खाऊन उपाशी मरू लागली. आमच्या क्लबाच्या मागच्या उतारावर आम्ही आठ फूट उंच जाळीचे एक चौकोनी कुंपण घातलेले आहे, आणि नवा सभासद आला की मी त्याला रेंजच्या आधी तिथे नेतो. जाळीच्या आत ओकची रोपे छातीपर्यंत आलेली आहेत, मेपल आहे, जमिनीलगत ट्रिलियमची तीन पाकळ्यांची पांढरी फुले वसंतात दिसतात. जाळीच्या बाहेर, एका पावलाच्या अंतरावर, त्याच मातीत आणि त्याच सावलीत केवळ नेच्यांचा हिरवा गालिचा आहे, कारण वाळलेल्या गवताच्या वासाचा तो नेचा हरणे खात नाहीत. बाकी जे जे उगवले ते कोंब असतानाच त्यांनी खुडले आहे. वरची मोठी झाडे शंभर वर्षांची आहेत आणि त्यांच्या खाली त्यांची जागा घेणारे एकही रोप नाही. जमिनीलगत घरटे करणाऱ्या पक्ष्यांना तिथे आडोसा उरलेला नाही. हे पाहिल्यानंतर हरीण आणि जंगल या दोघांचा एकत्र विचार करावा लागतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून राज्य दर विभागाला किती माद्या मारायच्या याचे परवाने ठरवून देते, आणि पेन्सिल्व्हेनियात अलीकडच्या हंगामांत वर्षाला चार लाखांहून अधिक हरणे शिकारीत मारली जातात. हा आकडा ऐकून धक्का बसतो, आणि बसावाही. पण तो जंगलाच्या हिशेबातून आलेला आहे. क्लबात कोणी माद्या मारायला नाखूष असेल आणि मोठ्या शिंगांच्या नराच्या मागेच लागत असेल, तर तो संवर्धन करत नाही, छंद पुरा करतो. जुन्या सभासदांशी याच मुद्द्यावर माझे वाद होतात. ज्यांना मांस घरी नको त्यांच्यासाठी १९९१ पासून 'हंटर्स शेअरिंग द हार्व्हेस्ट' हा उपक्रम आहे: ठरावीक खाटकाकडे हरीण द्यायचे आणि ते मांस फूड बँकांमार्फत गरजूंच्या ताटात जाते. हरणांना होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या असाध्य रोगाचा राज्यातला पहिला रुग्ण २०१२ मध्ये सापडला. आता बाधित भागात मारलेल्या हरणांची डोकी तपासणीसाठी जमा करण्याची पेट्यांची व्यवस्था आहे आणि तिथे हरणांना खाऊ घालण्यास मनाई आहे. घराच्या अंगणात हरीण आले म्हणून प्रेमाने मका टाकणाऱ्या आपल्या मंडळींनी हे कृपया लक्षात घ्यावे.

या व्यवस्थेची एक दुखरी जागा मला सतत काळजीत टाकते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या राज्यात बारा लाखांहून अधिक परवाने विकले जात. आज तो आकडा नऊ लाखांच्या आत आहे. पिटमन-रॉबर्टसनचा करही आता मोठ्या प्रमाणावर अशा लोकांकडून येतो जे शिकारीला जातच नाहीत, फक्त बंदुका आणि काडतुसे विकत घेतात. वन्यजीवांचे भवितव्य बंदुकांच्या खपावर टांगलेले असणे मला पटत नाही, आणि पक्षिनिरीक्षक, पदभ्रमण करणारे, छायाचित्रकार यांनीही आपला वाटा उचलावा असे मी क्लबाच्या बैठकांत सांगत आलो आहे. तोपर्यंत जो पैसा येतो तो योग्य ठिकाणी जातो आहे ना, हे पाहणे आपले काम आहे.

क्लब निवडताना रेंजच्या शिस्तीनंतर मी दुसरी गोष्ट पाहतो ती शिशाची. ट्रॅपचे छर्रे साधारण दोनशे यार्डांपर्यंत जाऊन पडतात, आणि वर्षानुवर्षे तिथेच साचतात. त्या पट्ट्यात ओढा किंवा दलदल असेल तर तो क्लब संवर्धनाच्या गोष्टी कितीही बोलो, त्याने आधी आपले मैदान वळवावे. माती आम्लधर्मी असेल तर शिसे विरघळून पाण्यात उतरते, म्हणून चांगले क्लब मातीची आम्लता तपासतात, चुना टाकतात आणि काही वर्षांनी कंत्राटदार आणून शिसे काढून घेतात. रायफलीच्या रेंजमागच्या मातीच्या बांधाचेही तसेच. शेवटचे शिसे कधी काढले, असे सचिवांना सरळ विचारा. मुलाने रेंजवरून आल्यावर काही खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत, आणि कानात बोळे व वर कान झाकणारे मफ असे दुहेरी संरक्षण घ्यावे. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. शिकारीसाठीही मी आता तांब्याच्याच गोळ्या वापरायला सांगतो, कारण शिशाचे बारीक कण मांसात राहतात आणि टाकलेली आतडी खाणाऱ्या गरुडांना विषबाधा होते.

तिसरी गोष्ट म्हणजे रेंजबाहेरची कामे. क्लबाने ट्राउट माशांचे संगोपन केंद्र चालवले आहे का? राज्याच्या फिश अँड बोट कमिशनच्या सहकारी योजनेत क्लब माशांची पिले घेतात, त्यांना रोज खाऊ घालतात, हौद घासतात आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी हंगाम उघडण्यापूर्वी ओढ्यांत सोडतात. ओढ्याच्या काठाची धूप थांबवण्यासाठी झाडे लावली जातात का, लाकडी पक्षिपेट्या दरवर्षी साफ होतात का, मुलांना संवर्धन शिबिराला पाठवण्यासाठी पैसे बाजूला काढले जातात का, हे मासिक बैठकीच्या इतिवृत्तात दिसते. बहुतेक क्लबांत सभासदाला वर्षाला ठरावीक तास श्रमदान करावे लागते, आणि नवख्या मराठी कुटुंबाने ओळख करून घ्यायची ती श्रमदानाच्या दिवशीच, असे मी सुचवेन. बादल्यांची साखळी धरून थंड पाण्यात उभे राहिलेल्या माणसाला कोणी तू कुठला असे विचारत नाही, नाव विचारतात.

तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असेल म्हणून सांगतो. हे क्लब बहुतांशी जुन्या स्थानिक कुटुंबांचे असतात आणि पहिल्या दिवशी तिथे आपल्यासारखे दुसरे कोणी दिसणार नाही. काही क्लब सभासदत्वासाठी राष्ट्रीय पातळीवरच्या एखाद्या बंदूकधारकांच्या संघटनेचे सभासदत्व सक्तीचे करतात आणि त्याबरोबर राजकारणही येते. ते नको असेल तर सक्ती नसलेला क्लब शोधा, असे क्लबही आहेत. बहुतेक ठिकाणी एका जुन्या सभासदाची शिफारस लागते. मात्र सभासद म्हातारे होत चालले आहेत आणि तरुण कुटुंबांची क्लबांना खरी गरज आहे, त्यामुळे स्वागत होते. घरात शाकाहार असेल तर तेही निःसंकोच सांगावे. नेमबाजी करणाऱ्या प्रत्येकाने शिकार केलीच पाहिजे असे कुठेही नाही, आणि तुमच्या मुलाला कधीही प्राण्यावर बंदूक रोखायची नसेल तर त्या निर्णयाचा मान राखणारे प्रशिक्षक मी अनेक पाहिले आहेत.

शिकार करा अगर करू नका, हंगामाचे भान मात्र घरातल्या सगळ्यांनी ठेवावे. हरणांचा मुख्य रायफल हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. त्या दिवसांत जंगलात फिरायला जाताना भडक नारिंगी टोपी आणि जाकीट घाला. शिकाऱ्याला तर डोके, छाती व पाठ मिळून किमान २५० चौरस इंच नारिंगी रंग कायद्यानेच सक्तीचा आहे. वस्तीच्या घरापासून १५० यार्डांच्या आत रहिवाशाच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. तुमच्या घरामागे कोणी तसे करताना दिसले तर स्वतः वाद घालायला न जाता गेम कमिशनला फोन करावा. स्टेट गेम वॉर्डन अशा तक्रारी गांभीर्याने घेतात.

आता क्रम सांगतो. या महिन्यात वकिलाचे मत घ्या आणि दरम्यान एका शनिवारी ट्रॅपच्या मैदानावर व एका मासिक बैठकीला पाहुणे म्हणून जा. मुलगा आणि वडील दोघांनी मिळून हंटर-ट्रॅपर एज्युकेशनच्या वर्गाला नाव नोंदवा. बाप-लेक शेजारी बसून शिकले की घरी एकमेकांना टोकण्याचा अधिकार दोघांनाही मिळतो. आईनेही तो वर्ग करावा, शिकारीची इच्छा नसली तरी, कारण दुसऱ्याच्या घरी मुलांसमोर बंदूक निघाली तर काय विचारायचे हे तिला कळले पाहिजे. संघाची नोंदणी करताना प्रशिक्षकाला तीन गोष्टी लेखी मागा: बंदूक आणि काडतुसे क्लबाकडेच राहतील, सरावाच्या वेळी एका प्रशिक्षकामागे किती मुले असतील, आणि मुलाच्या उंचीला बसेल अशी आखूड दस्त्याची २० बोअर बंदूक उपलब्ध आहे का. मोठ्यांची जड १२ बोअर बंदूक खांद्यावर घेऊन पहिल्याच दिवशी धक्का खाल्लेला मुलगा पुढच्या शनिवारी येत नाही, किंवा येतो तो चाप ओढताना डोळे मिटायला शिकूनच. पहिले काही आठवडे तर प्रशिक्षकाकडे हलक्या भाराची काडतुसे मागावीत. बहुतेक क्लब ती ज्युनिअरांसाठी ठेवतात.